उगाच

वागळे इस्टेट, रस्ता नंबर सोळा.
खालच्या गाळ्यात अजून एक लेथ चालतो.
वर आम्ही माकडाच्या पिल्लाला
चालायला शिकवतो, सेकंदाला चोवीस चित्रं.

तन्वीर मुकादम मुंब्र्याहून येतो, मनगटाला पट्टा बांधून.
"कळ दाबली की कळ येते," म्हणतो, आणि हसतो.
एक दिवस मी त्याच्या मागे बसून नुसतं मोजलं:
पापणी मिटायची कळ पडद्याच्या पार उजव्या कोपऱ्यात,
तीन मेन्यू उघडून चौथ्याच्या पोटात.
संध्याकाळपर्यंत त्याचा बाण
सहाशे बारा वेळा तिथवर जाऊन आला.
टेबलावरच्या टेबलावर सव्वाशे मीटर,
नुसती पापणी लवायला.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तन्वीरचा हात पाहिलेला नाही.
पण त्यांनी मागचं दार उघडं ठेवलंय:
चार ओळी लिहा आणि सांगा,
कळ कुठे हवी, केवढी, कुठल्या रंगाची.
ते ऐकतं.
एक कंस मिटायचा राहिला
तर मात्र लाल अक्षरांत रुसून बसतं.

माझे बाबा याच रस्त्यावर टर्नर होते.
कंपनीच्या कानशीला त्यांनी
बाभळीची मूठ घडवून बसवली होती,
अंगठ्यापुरती खाच पाडून.
दुसऱ्या कुणाच्या हातात ती धड बसत नसे.
मी विचारलं, ही अशी का?
त्यावर मोठं काही बोलले नाहीत.
म्हणाले, "हात लावू नको."

पापणी. भुवई. जिवणी. हनुवटी.
नावं मराठीत घातली तर पहिल्यांदा
चार रिकामे चौकोन आले, पडलेल्या दातांसारखे.
ते निस्तरलं, तर भुवईचा उकार खालून कापला गेला.
प्रत्येक कळ चार पिक्सेल उंच केली.
आपल्या अक्षरांना
खाली पाय सोडून बसायला जागा लागते.

सामान हलवताना जुन्या फोल्डरात एक फाइल सापडली.
कुणी न दाबलेली कळ, रोमन अक्षरांत नाव: उगाच.
कुंदा रावराणेनं लिहिलेली.
तीन महिने पगार थकला तेव्हा ती गेली;
कुणी म्हणतं कळव्याला चित्रकलेचे वर्ग घेते,
कुणी म्हणतं छे, ती वेगळी कुंदा.
आत अकराच ओळी.
डावी पापणी एक फ्रेम मागे सरकवायची,
कधी दोन, कधी मुळीच नाही,
नियम काही नाही.
आणि वर, चालत्या कोडला न दिसणारी टीप:
"दोन्ही एकदम मिटल्या तर बाहुली.
एक जराशी मागे राहिली तर कुणीतरी."

दाबली.
पिल्लानं आमच्याकडे बघून डोळे मिचकावले,
झोपेतून उठल्यासारखे, जरा वेडेवाकडे.
तन्वीरनं खुर्ची पुढे ओढली.
"परत दाब."

ती कळ खाली डावीकडे बसवली,
जिथे त्याचा हात आपोआप टेकतो.
रंग दिला विटकरी, कारण तोच त्याला पटकन दिसतो.
पट्टा सुटला असं नाही.
पण डबा खाताना तो आता
उजव्या हातानं पोळी तोडतो.

मार्चमध्ये नवी आवृत्ती आली, रातोरात.
सकाळी सगळं पुसलेलं:
पापणी पुन्हा कोपऱ्यात, चौथ्याच्या पोटात.
तन्वीर आला, पाणी प्यायला, बसला,
आणि डोळ्यांच्या आधी त्याचा हात
खाली डावीकडे गेला, रिकाम्या जागी,
टक्. टक्.
काही झालं नाही.
त्यानं पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी फोल्डर उघडलंच होतं.
दुपारपर्यंत सगळं पुन्हा लिहिलं, नव्या आवृत्तीच्या कलानं.
तिच्या अकरा ओळींच्या बारा झाल्या.
सर्वांत वर तिचं नाव घातलं,
आणि त्याखाली, पुढे कधी ही फाइल
कुणाला सापडेल त्याच्यासाठी:
हात लावू नको.